आजारी मेंढराला काय खाऊ घालायचं आणि वजनावर परत कधी घ्यायचं

मेंढरं वजनावर चढवायला घेतली की सगळं लक्ष खुराकाकडे जातं. दाणा किती, पेंड किती, रोज किती ग्रॅम वाढतंय, हेच चालू असतं. मग कळपात खोकला निघतो, एखादं लंगडायला लागतं, एखादं ढाळतं, आणि आपण काय करतो तर खुराक अजून थोडा वाढवतो, म्हणजे ताकद येईल. मीही बरेच दिवस हेच करायचो. आता स्पष्ट सांगतो, इन्फेक्शन अंगात असताना मेंढरू भरवता येत नाही. आधी बरं करायचं, मग भरवायचं, आणि दोन्हीच्या मधले जे आठ-पंधरा दिवस असतात ना, तिथेच जनावर जास्त दगावतं.

सुरुवात आंत्रविषारापासून करतो, कारण हा रोग म्हणजे चांगल्या खुराकाचाच रोग आहे. माझ्याकडे एक कोकरू होतं, लॉटमधलं, म्हणजे एकत्र भरवायला घेतलेल्या गटातलं, सगळ्यात भरलेलं, संध्याकाळी गव्हाणीवर दुसऱ्यांना ढकलून दाणा खात होतं. सकाळी बघतो तर मान मागे टाकलेली, चारी पाय ताणलेले, तोंडाजवळ फेस, आणि पायांनी माती उकरल्याच्या खुणा. बाजूची दोन बारकी कोकरं एकदम ठणठणीत. मला वाटलं साप चावला. डॉक्टरांनी उघडून किडनी माझ्या हातात दिली, बोटाने दाबली तर शिजलेल्या कांद्यासारखी लिबलिबली. म्हणाले, याला सापाने नाही, दाण्याने मारलं.

होतं काय की क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स टाइप डी नावाचा बॅक्टेरिया चांगल्या मेंढरांच्या आतड्यात पण थोडाफार असतोच, एरवी तो काही करत नाही. पण अचानक दाणा जास्त गेला की तो सगळा पोटात पचत नाही, त्यातला स्टार्च तसाच लहान आतड्यात उतरतो, आणि या बॅक्टेरियाला तेच हवं असतं. तो भराभर वाढतो, एप्सिलॉन नावाचं विष सोडतो, ते रक्तात जातं, आणि मेंदू आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात. काही तासांत खेळ संपतो, औषधाला वेळच मिळत नाही. आणि जे सगळ्यात खादाड तेच आधी जातं. म्हणून एखाद्या लॉटमधलं सगळ्यात चांगलं कोकरू कसलंही लक्षण न दाखवता मेलं, तर त्याच दिवशी उरलेल्यांचा दाणा निम्म्यावर आणा, वाळलेला चारा वाढवा, डॉक्टरांना बोलवा आणि मेलेलं उघडून बघायला सांगा. किडनी लवकर खराब होते, दुपारपर्यंत उन्हात पडलेल्या जनावरावरून काहीच कळत नाही, तेवढं लवकर करा.

याची लस आहे आणि चांगली काम करते, पण तिचा टाइमिंग चुकतो. लोक दाणा सुरू करतात आणि मग आठवण आली की टोचतात. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये तीन-चार आठवडे, आणि दुसऱ्या डोसनंतर अंगात ताकद तयार व्हायला अजून दहा-बारा दिवस जातात. म्हणजे भरवायचं ठरवलं तेव्हाच कॅलेंडर काढून मागे मोजा आणि पहिला डोस टोचा. गाभण मेंढीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी बूस्टर द्यायचा, चिकातून पिल्लाला संरक्षण जातं. बाहेरून विकत आणलेल्या मेंढरांना आधी लस झाली असेल हे धरून चालू नका, झाली नाही असं समजून दोन्ही डोस द्या.

लस झाली म्हणून दाणा एकदम ओतायचा नाही. कारण दुसरी गोष्ट लगेच मागे उभी असते, ॲसिडोसिस. मेंढराच्या मोठ्या पोटात जे जिवाणू असतात ते चाऱ्याची सवय असलेले असतात, तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (जितका कमी तितकं जास्त आंबट), साधारण ६ ते ७ मध्ये असतो. अचानक भरडा गेला की ॲसिड करणारे जिवाणू वरचढ होतात, पीएच ५.५ च्या खाली घसरतो, आणि पोटाचं आतलं अस्तर भाजल्यासारखं होतं. आता यात इन्फेक्शन कुठून आलं? तर त्या भाजलेल्या अस्तरातून फ्युसोबॅक्टेरियमसारखे जिवाणू रक्तात शिरतात, थेट लिव्हरला जातात आणि तिथे गळवं करतात. बाहेरून काही दिसत नाही. मेंढरू मरत नाही, फक्त खातं तसं भरत नाही, आणि मालक म्हणतो जातच खराब आहे.

म्हणून दाण्याची सवय लावायला पूर्ण दोन ते तीन आठवडे द्या, यात घाई करायची नाही. पहिल्या दिवशी मेंढरामागे ५० ते १०० ग्रॅम, आणि दर दोन-तीन दिवसांनी तेवढाच वाढवायचा. दाणा द्यायच्या आधी वाळलेला चारा पोटभर खाऊ द्यायचा, उपाशी पोटी दाणा कधीच नाही. पीठ करू नका, मेंढी अख्खा दाणा स्वतः चावून रवंथ करते, पीठ मात्र पोटात एकदम आंबतं. कितीही जोरात भरवत असाल तरी एकूण खाण्यात पाव ते तिसरा हिस्सा लांब धाग्याचा चारा पाहिजेच, कारण तो चावताना लाळ सुटते आणि लाळेतच ॲसिड मारायचा सोडा असतो. खुराकात शेकडा एक ते दीड किलो खाण्याचा सोडा मिसळला तर मदत होते, पण सोडा घातला म्हणून घाई केली तर तो वाचवू शकत नाही. एक वेळ चुकली, समजा संध्याकाळचा दाणा द्यायला कुणी नव्हतं, तर सकाळी दुप्पट द्यायचा नाही, जेवढा रोजचा तेवढाच. आणि गव्हाण इतकी लांब पाहिजे की सगळी एकदम उभी राहून खातील, नाहीतर दांडगं मेंढरू तिघांचं खातं आणि तेच आडवं होतं. बारकी वेगळी बांधा.

ॲसिडोसिस झालेलं मेंढरू ओळखायला सोपं आहे जर रोज दाणा टाकताना दोन मिनिटं नुसतं उभं राहिलात तर. गव्हाणीकडे येत नाही, कोपऱ्यात दात खात उभं असतं, शेण लेंडीसारखं न पडता पातळ आणि आंबूस वासाचं पडतं, चालताना खुरं टेकवायला नको म्हणतं. दाणा बंद, फक्त वाळलेलं गवत आणि पाणी, आणि डॉक्टर येईपर्यंत मोठ्या मेंढराला १५ ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून उभं असतानाच हळूहळू पाजा. डोकं वर उचलून ओतायचं नाही. आडव्या पडलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजायचं नाही, ते फुफ्फुसात जातं आणि मग पोटाचा आजार बाजूला राहून न्यूमोनियाने मरतं.

आता दुसरी बाजू. आजार खुराकातून आलेला नाही, न्यूमोनिया आहे, खुरकूज आहे, गळू आहे, ताप आहे. मग काय घालायचं?

आधी ताप मोजा. मेंढीचं नॉर्मल टेम्परेचर ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस, ४० च्या वर गेलं की इन्फेक्शन धरून चाला. उन्हातून पळवून आणलेल्या किंवा दाट लोकर असलेल्या मेंढीचं तसंही चढलेलं असतं, म्हणून पहाटे मोजा. ताप आला की भूक आपोआप जाते. दिसायला ते वाईट दिसतं पण शरीर तसं मुद्दाम करतं. मोठ्या पोटाची हालचाल मंदावलेली असते, रवंथ बंद असतो, अशा पोटात दाणा कोंबला तर तो पडून आंबतो. इकडे ताप दर अंशाला शरीराचा खर्च साधारण एक दशांश वाढवतो, आणि इन्फेक्शनशी लढायला लागणारं प्रोटीन खाण्यातून येत नाही म्हणून शरीर स्वतःचं मांस मोडून घेतं. म्हणून दोन-तीन दिवसांच्या तापात सुद्धा पाठीवर हात फिरवला की मणके टोचायला लागतात. हे बघून जीव तुटतो, मला कळतं, पण त्या वेळी दाण्याने ती पाठ भरत नाही.

तापाच्या दिवसांत दाणा बंद, चारा मऊ आणि चवीचा. लसूणघासासारखा पानवाला वाळलेला चारा, ताजं हिरवं गवत, झाडपाला, जे त्या मेंढीला आवडतं ते. एकदम पेंढी टाकू नका, मूठ-मूठ दिवसातून पाच-सहा वेळा टाका आणि उरलेलं उचला, कारण आजारी मेंढी लाळ लागलेला चारा परत हुंगत पण नाही. पाणी तिच्यासमोर, स्वच्छ, भांडं घासलेलं. निरोगी मेंढी थंड दिवसांत कोरडा चारा खाऊन तीन-चार लिटर पाणी पिते, तापात आणि ढाळीत जास्त लागतं, पण कितीदा असं होतं की पाणी वाड्याच्या त्या टोकाला असतं आणि मेंढी तेवढं चालतच नाही. ढाळ असेल तर इलेक्ट्रोलाइट द्या, पण साधं पाणी पण बाजूला ठेवा.

पण पूर्ण उपाशी ठेवणं पण नाही, हे लक्षात घ्या. पोटातले चांगले जिवाणू उपाशी मरतात आणि त्यांनी बनवलेली जी ॲसिडं साल्मोनेला नावाच्या हगवण करणाऱ्या बॅक्टेरियाला दाबून ठेवतात ती कमी होतात, मग साल्मोनेलाला रान मोकळं. म्हणून लांबून वाहतूक करून दोन-दोन दिवस उपाशी आणलेल्या मेंढरांमध्ये हगवण फुटते, आणि पोचल्या पोचल्या दाणा घातला की अजून वाईट होतं. पोचली की आधी पाणी, मग वाळलेलं गवत, दोन-तीन दिवस नुसतं तेच. शेवटच्या महिन्यातली जुळी पोटात असलेली मेंढी तर एक दिवस पण उपाशी राहता कामा नये, तिला लगेच किटोसिस होतो, म्हणजे शरीर चरबी मोडायला लागतं आणि रक्तात किटोन साठतात. तिचा खुराक कमी करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून प्रोपिलिन ग्लायकॉल (तोंडाने पाजायचं, शरीराला ऊर्जा देणारं औषध) वगैरे देऊनच करा.

ताप उतरला, रवंथ दिसायला लागला, लेंडी घट्ट पडायला लागली, की मग प्रोटीन. गमावलेलं मांस परत आणायला नुसता मका चालत नाही, पेंड लागते, वाढत्या कोकरांच्या खाण्यात एकूण १४ ते १६ टक्के प्रोटीन बसेल असं बघा. युरिया घातलेला खुराक मात्र या दिवसांत नको, युरियाचं प्रोटीन पोटातले जिवाणू बनवतात आणि ते जिवाणू अजून सावरलेले नसतात, उलट विषबाधा होते.

रोगानुसार थोडं बदलतं. न्यूमोनियात माझा अनुभव असा की बहुतेक वेळा मूळ धुळीत आणि कोंदट वाड्यात असतं. बारीक दळलेला कोरडा खुराक हुंगताना नाकात जातो, म्हणून पाण्याने नाहीतर मळीने थोडा ओलसर करून द्या, पण तासाभरात संपेल एवढाच, ओला खुराक आंबतो. वाड्यात तुम्ही खाली बसल्यावर अमोनियाने डोळे चुरचुरले तर मेंढी तर रात्रभर त्याच उंचीवर श्वास घेते. धाप लागलेल्या मेंढीला बाटलीने काही पाजू नका, इंजेक्शननेच उपचार होऊ द्या.

खुरकुजीत मेंढी आजारी कमी आणि उपाशी जास्त असते. दुखऱ्या पायाने गव्हाणीपर्यंत पोचेपर्यंत बाकीच्यांनी सगळं संपवलेलं असतं, काही तर पुढचे गुडघे टेकून चरतात. तिचा चारा तिच्याजवळ न्या, पाय १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात बुडवून कोरड्या जागेवर उभी करा, डॉक्टरांनी सांगितलं तर इंजेक्शन. लंगडं मेंढरू भरवायच्या लॉटमध्ये ठेवू नका, पाय बरा झाल्यावर त्याच दाण्यावर ते आपोआप भरतं.

मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, घालत असाल तर लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया डोक्यात ठेवा. नीट न दाबलेल्या, हवा शिरलेल्या, माती मिसळलेल्या मुरघासात पीएच ५ च्या वर राहतो आणि तिथे हा बॅक्टेरिया मजेत वाढतो. मेंढी एका बाजूला गोल गोल फिरते, एक कान लोंबतो, एका बाजूने लाळ गळते. बोट घालून नाही पण गालावर बाहेरून हात लावून बघा, त्या बाजूच्या गालात चावलेल्या चाऱ्याचा बोळा तसाच साठलेला लागतो, तिला तो गिळता येत नाही. मुरघास ताबडतोब बंद, बुरशी आलेला वरचा आणि कडेचा भाग टाकून द्या, पण आज बंद केला म्हणजे संपलं असं नाही, मेंदूचा हा आजार असा मुरघास खाल्ल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पण निघतो. माणसाला पण हा होतो, घरात कुणी गरोदर असेल तर त्यांना अशा मेंढीजवळ आणि गाभडलेल्या पिल्लाजवळ जाऊ देऊ नका.

अशीच मान वाकडी करून आकाशाकडे बघणारी मेंढी दिसली तर प्रत्येक वेळी इन्फेक्शनच असेल असं नाही. दाण्यावरच्या कोकरांच्या पोटात काही जिवाणू बी-१ व्हिटॅमिन मोडणारं एन्झाइम बनवतात, मग मेंदूला बी-१ मिळत नाही आणि ते आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावतं. वेळेत थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर काही तासांत फरक दिसतो, म्हणून डॉक्टरांना फोनवर सांगताना दाणा किती चालू आहे आणि किती दिवसांपासून आहे हे पहिलं सांगा.

आणि दोन आजार असे आहेत जिथे खुराक वाया जातो. एक, कानाखाली, जबड्याखाली, खांद्यापुढे गाठी येणारा, ज्यात हिरवट-पांढरा घट्ट पू निघतो. जाड कवचाच्या आत अँटिबायोटिक पोचत नाही, आणि अशाच गाठी आत फुफ्फुसात असतील तर मेंढी वाळत जाते. गाठ वाड्यात फुटू देऊ नका, त्या पुवातला बॅक्टेरिया मातीत महिनोन्महिने जगतो आणि लोकर कातरताना झालेल्या जखमांतून सगळ्या कळपात जातो. दुसरा जोन्स डिसीज, मोठी मेंढी चांगली खाते आणि तरी दिवसेंदिवस सुकते, मेंढ्यांमध्ये तर ढाळ पण बऱ्याचदा नसते. त्याला औषध नाही. या दोन्हींना पेंडीच्या पोत्यांमागून पोती घालून काही होत नाही, टेस्ट करून घ्या आणि वेगळं काढा. ती रोज शेणातून आणि पुवातून दुसऱ्यांना देत असते.

औषधांचं एकच. मोठ्या मेंढीला तोंडाने अँटिबायोटिक दिलं तर पोटातले कामाचे जिवाणू पण मरतात आणि भूक अजून जाते, म्हणून डॉक्टर शक्यतो इंजेक्शन देतात. दिलेला कोर्स पूर्ण करा, विथड्रॉवल पीरियड, म्हणजे औषध मांसातून उतरायला लागणारे दिवस, वहीत लिहा आणि तो संपल्याशिवाय जनावर कटाईला पाठवू नका. वजन वाढावं म्हणून खुराकात रोज थोडं अँटिबायोटिक मिसळायची जी पद्धत होती ती युरोपियन युनियनने २००६ पासून बंद केली, आणि आपणही कुणी सुचवलं तरी करू नका. गाईचा किंवा कोंबडीचा तयार खुराक पण मेंढीला नको, त्यातलं तांबं तिच्या लिव्हरमध्ये साठत राहतं आणि नेमकं आजारपणाच्या ताणात एकदम रक्तात सुटतं, लघवी लाल-काळी होते आणि मेंढी जाते.

आता परत वजनावर कधी घ्यायचं. लागोपाठ चार-पाच दिवस ताप नाही, खाणं पूर्ण, रवंथ चालू, लेंडी घट्ट. या चारही गोष्टी पाहिजेत. आणि दाणा आठवडाभर बंद असेल तर आधीच्या मापावर नाही, परत ५० ग्रॅमपासून. आजारातून उठलेलं कोकरू वखवखलेलं असतं, आणि अशा वेळी वाढ खरंच जोरात होते, सुटलेलं वजन ते भरून काढतं. मोह होतो. मी याच मोहात एक बरं झालेलं कोकरू आंत्रविषाराने घालवलं, न्यूमोनियातून वाचवलेलं, दहा दिवस सेवा केलेली. त्यानंतर वाड्यात दाण्याचं मापाचं भांडं ठेवलं, हाताने अंदाजे टाकणं बंद केलं, आणि आजारातून उठलेल्यांच्या गळ्यात वेगळ्या रंगाची दोरी बांधतो म्हणजे दाणा टाकणारा कुणीही असला तरी त्याला कळतं.

दर आठवड्याला एकाच वेळी, दाणा घालायच्या आधी वजन करा. लॉटमधली बाकीची वाढतायत आणि एखादं दोन आठवडे तिथेच असेल तर त्याचा दाणा वाढवू नका, त्याला पकडा, ताप बघा, जबड्याखाली चाचपा, पापणीचा रंग बघा, खुरं उलटून बघा. आणि लॉट कटाईला गेला की जमलं तर लिव्हर बघायला जा. त्यात पिवळट गळवं दिसली तर ती कोकरं तुमच्या दाण्यावर फार लवकर चढली होती, पुढच्या लॉटला सवय लावायचे दिवस अजून आठ-दहा वाढवा.